कर्ता कुठाय?

आज पाटीवर बोलायचंय. रस्त्याच्या कडेला खांबावर उभी असते ती इतिहासाची पाटी. इथं अमुक साली अमुक घडलं, असं सांगणारी. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखात, अशा पाट्या गावोगाव आहेत. मी तिकडं गेलेलो नाही, फोटो पाहिलेत. पण पाटी कशी वाचायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पिढ्यान् पिढ्या आपण वेशीबाहेर उभं राहून गाव वाचत आलोय.

लुइझियाना राज्यातलं कोलफॅक्स. 13 एप्रिल 1873, ईस्टरचा रविवार. गुलामी कायद्यानं संपून जेमतेम आठ वर्षं झालेली. काळ्यांच्या हातात मत आलेलं. निवडणुकीच्या वादात काळे लोक कोर्टाची इमारत राखून बसले होते. गोऱ्यांची हत्यारबंद टोळी तोफ घेऊन आली. इमारत पेटवली. शरण आलेल्यांना धरून ठेवलं आणि रात्री गोळ्या घातल्या. जे थोडे दोषी ठरले, तेही 1876 साली सुप्रीम कोर्टात सुटले.

1950 च्या सुमारास सरकारनं तिथं पाटी ठोकली. तिच्यावर काय? ‘कोलफॅक्सची दंगल’. तीन गोरे आणि 150 निग्रो मारले गेले. या घटनेनं म्हणे दक्षिणेतल्या उपऱ्यांचा गैरकारभार संपला.

मारले गेले! कोणी मारलं? वाक्यात कर्ताच नाही. मेलेले मोजले, मारणारा गायब. वर कत्तलीला सुराज्याचा टिळा. ही पाटी 2021 पर्यंत उभी होती. सत्तर वर्षं शाळेला जाणारी काळी पोरं तिच्यासमोरून गेली.

आता दुसरी पाटी बघा. मिसिसिपी राज्य, तलाहाची नदीचा काठ. एमेट टिल, वय 14, शिकागोहून नातलगांकडं आलेला. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून 28 ऑगस्ट 1955 च्या रात्री त्याला घरातून उचलला, मारला, गळ्याला जिनिंगचा जड पंखा काटेरी तारेनं बांधून नदीत टाकला. बारा गोऱ्या पंचांनी तासाभरात दोघा आरोपींना सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन मासिकाला खुनाची कबुली दिली.

2008 साली तिथं पाटी लागली. चोरीला गेली. दुसरी लावली, तिची गोळ्यांनी चाळण केली. 2018 त तिसरी लावली, 35 दिवसांत तिच्यावरही गोळ्या. 2019 साली चौथी लावावी लागली, सव्वादोनशे किलोची, गोळी न शिरणारी!

मेलेल्या पोराच्या नावाला चिलखत लागतं, दोस्तहो. लोखंडावर गोळी कशाला झाडतात? पाटी बोलते म्हणून. जी पाटी मारणाऱ्याला सुखानं झोपू देते, तिला कुणी पहारा ठेवत नाही.

आपलं 1972 सालचं पँथर हे नाव त्याच काळ्यांच्या लढ्यातून आलं. तेव्हा त्यांच्या पाटीचा धडाही आपलाच. 1978 आठवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेचा खून झाला. त्याला नाव काय पडलं? दंगल! ‘वस्तीत जाळपोळ झाली.’ झाली म्हणजे? आग काय आभाळातून पडली? पाऊस पडावा तसा अत्याचार पडतो व्हय? तिथं ‘मारले गेले’, इथं ‘झाली’. मुलूख दोन, व्याकरण एकच.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी आम्ही पोरांनी भीमनगरची पाटी लावली होती. तिसऱ्या रात्री तिच्यावर डांबर. म्हातारी माणसं म्हणाली, जाऊ दे बाबा, पाटीपायी भांडण नको. आम्ही डांबर खरवडलं, पुन्हा रंगवली. पण आज मला वाटतं, तिच्यावर आम्ही फक्त नाव लिहिलं, हकिगत लिहिली नाही. आमचं चुकलं.

कोलफॅक्सला 2023 च्या एप्रिलमध्ये, दीडशे वर्षांनी, मेलेल्यांची नावं कोरलेला दगड उभा राहिला. आपण दीडशे वर्षं का थांबायचं? आपल्या तालुक्यात जिथं वस्ती जाळली, जिथं विहिरीवर डोकी फोडली, तिथं जा. जुनी माणसं हयात आहेत तोवर विचारा, तारखा घ्या, नावं घ्या. आणि लिहिताना एक पथ्य पाळा. ‘मारले गेले’ लिहायचं नाही. ‘मारलं’ लिहायचं. आधी कर्ता लिहायचा, मग क्रियापद.

ते पाटी फोडतील. फोडू देत. आपल्याकडं रंग आहे, ब्रश आहे.

जयभीम.