रडगाणे कोणी गायचे?

आपल्या भाषेत 'रडगाणे' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. कुणी आपली अडचण दोनदा सांगितली की ऐकणारा म्हणतो, "पुरे झाले तुझे रडगाणे!" वास्तविक रडणे ही माणसाची स्वाभाविक क्रिया आणि गाणे ही त्याची कला. मग या दोहोंचा जोडशब्द इतका हीन का ठरावा? हा प्रश्न मला पडला तो 'इमो' नावाच्या पाश्चात्त्य संगीतामुळे आणि त्या संगीतामागोमाग आलेल्या वेशामुळे.

मोबाईलमुळे जगातले कोणतेही गाणे आज कराडच्या एस. टी. स्टँडवर बसून ऐकता येते. आमच्या वर्गातली चार-दोन मुले ही गाणी ऐकतात. त्यांतल्या एखाद्याने कपाळावरचे केस एका डोळ्यावर ओढले, काळी तंग पँट घातली, की दोन शेरे ठरलेले असतात. पहिला, "हे आपले नव्हे." आणि दुसरा, "पुरुषासारखा पुरुष, आणि काय हा रडका अवतार!" या दोन शेऱ्यांचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे इमो म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १९८० च्या सुमारास 'हार्डकोअर पंक' नावाचे संगीत तरुणांत फैलावले होते. वेगवान, कर्कश आणि संतापाने भरलेले असे ते संगीत. हळूहळू त्याच्या कार्यक्रमांत गाण्यापेक्षा धक्काबुक्की आणि मारामारीच जास्त होऊ लागली. त्याच मंडळींतल्या काही तरुणांना या दांडगाईचा वीट आला. १९८५ साली 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या बँडची ध्वनिमुद्रिका निघाली. वाद्यांचा गजर पूर्वीचाच होता, पण गाणारा आता सरकारवर नव्हे, स्वतःविषयी बोलत होता. आपले एकटेपण, तुटलेली नाती, हातून निसटलेले दिवस यांविषयी. या संगीताला लोकांनी 'इमोशनल' वरून 'इमोकोअर' आणि पुढे नुसतेच 'इमो' म्हटले. गंमत अशी की, ज्यांना हे नाव चिकटले त्यांना ते मुळीच आवडले नव्हते. 'भावनाप्रधान' हे विशेषण तिकडेही पुरुषाला टोमण्यासारखेच लागत असावे!

पुढे हे संगीत राजधानीबाहेर पसरले. सिएटलच्या 'सनी डे रिअल इस्टेट' या बँडच्या १९९४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नावच 'डायरी', म्हणजे रोजनिशी. जे वहीत लपवून लिहायचे ते आता व्यासपीठावरून गायले जाऊ लागले. २००१ नंतर 'जिमी ईट वर्ल्ड'सारख्या बँडना मोठे यश मिळाले, आणि २००६ साली 'माय केमिकल रोमान्स' या बँडच्या 'द ब्लॅक परेड'ने तर मृत्यूसारखा विषय घेऊन जगभरातली पोरे वेडी केली.

आता वेशाचे पाहा. आरंभीच्या या गायकांना स्वतःचा असा वेशच नव्हता. साधा सदरा, साधी पँट, की झाले. काळे तंग कपडे, डोळ्यावरची झुलपे, खिळ्यांचा पट्टा, काळी नखे आणि मुलांच्याही डोळ्यांत काजळ हा सगळा थाट आला तो २००० नंतर, गाणे लोकप्रिय झाल्यावर. मग तिकडच्या मोठमोठ्या दुकानांतून तो तयार मिळू लागला. गाणे समजायला वेळ लागतो. पट्टा पाच मिनिटांत विकत घेता येतो. त्यामुळे व्यापाऱ्याने गाण्याआधी वेश उचलला, आणि टीकाकारानेही तेच केले. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतील केरेतारो शहरात जमावाने इमो मुलांना गाठून मारहाण केली. २०१२ साली इराकच्या गृहखात्याने या वेशाला सैतानपूजा ठरवले, आणि त्याच सुमारास बगदादमध्ये असा वेश करणाऱ्या तरुणांच्या हत्येच्या बातम्या जगभर आल्या. केसांच्या एका बटेसाठी माणूस मारावा, इतका राग कशाचा? मला वाटते, तो राग केसांचा नसतो. पुरुषाने आपले दुःख उघड अंगावर मिरवावे, हे अनेकांना सहन होत नाही.

आता पहिला शेरा, "हे आपले नव्हे." गिटार आपली नव्हे, हे खरे. पण दुःखाचे गाणे आणि त्या गाण्यामागून येणारी वेशाची लाट, या गोष्टी सांगलीला कुणी नव्याने शिकवाव्यात अशी स्थिती नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले ते याच सांगलीत. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. त्यांच्या १८९९ च्या 'संगीत शारदा'त म्हाताऱ्या श्रीमंताला विकल्या जाणाऱ्या पोरीचे दुःख गाण्यातून बोलते. आणि नागठाणे हे ज्यांचे मूळ गाव, ते नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली मिरजेत शकुंतला होऊन उभे राहिले आणि पुढे 'बालगंधर्व' म्हणून महाराष्ट्रभर गाजले. त्यांचे गाणे ऐकायला जाणाऱ्या घरंदाज बायका त्यांच्या नऊवारीची तऱ्हा, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना डोळ्यांत साठवून घरी येत आणि तशीच वेशभूषा करू पाहत. म्हणजे गाण्यामागून फॅशन येते हे आपल्या पणजीला ठाऊक होते. तिच्या वेळी नाक मुरडणारेही असतीलच. आज आपण त्यालाच परंपरा म्हणतो.

इथवर इमो आणि आपले संगीत नाटक यांत मला साम्यच दिसते. परंतु एक फरक आहे, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. दुःख कोणाच्या तोंडी घातले आहे?

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्व सिंधू होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. सुधाकर हा बुद्धिमान वकील. त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, भर कोर्टात त्याचा अपमान होतो. हे दुःख लहान नाही. पण तो ते कुणाजवळ बोलत नाही. तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो आणि पुढचे सगळे आपण जाणतोच. नाटकातली गाजलेली पदे सिंधूची आहेत. तिचे दुःख गाण्यात येते, त्याचे पेल्यात जाते. आणि सिंधूचे ते गाणे गाणारा मात्र पुरुष! लुगडे नेसून, दुसऱ्याचे नाव घेऊन पुरुषाला रडता येते. धोतर नेसून, स्वतःच्या नावाने नाही.

१२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत आपल्याला कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. ती निष्ठा थोर आहे, यात शंका नाही. पण मला राहून राहून वाटते की, ज्या माणसाने महाराष्ट्राला इतके रडवले, त्याला स्वतःच्या लेकीसाठी त्या रात्री रडायला जागा मिळाली नाही.

लावणीचेही तसेच. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लिहिणारे पुरुष, पण लावणीतला विरह बहुधा बाईच्या तोंडचा. आणि बाईचे हावभाव करणाऱ्या पुरुषाची आपल्याकडे काय गत होते, ते आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये आहे. २०१० च्या चित्रपटामुळे ती पुस्तक न वाचणाऱ्यांनाही ठाऊक झाली. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत आपण हौसेने काजळ घालतो; तेच काजळ एकोणिसाव्या वर्षी घातले तर त्याला 'नाच्या' म्हणतो.

कुणी विचारील, मग आमचे संत? तुकोबांनी स्वतःचे दुःख स्वतःच्याच तोंडाने सांगितले नाही काय? सांगितले, आणि त्याहून प्रामाणिक आक्रोश मराठीत नसेल. पण ते विठ्ठलापाशी सांगितले. देवापुढे रडायला पुरुषाला मुभा आहे, माणसापुढे नाही.

याला एक मोठा अपवाद आपल्याच मातीत आहे. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईला गेले, गिरणीत राबले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. तिच्यात बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबई गाठलेला मजूर स्वतःच्या तोंडाने सांगतो की, माझा जीव तिकडे राहिला. पाटण-जावळीकडून माथाडी कामाला गेलेल्या किती माणसांचे हे दुःख असेल! त्यांनी ते ऐकले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. उलट त्याच विरहात पुढे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या भागाचे दुःख मिसळले आणि ते गाणे चळवळीचे झाले. पुरुष रडला म्हणून दुबळा होत नाही, याला याहून कोणता पुरावा हवा?

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा का, तेही सांगतो. दोन वर्षांमागे अवकाळी पावसात आमची द्राक्षबाग गेली. आई मोठ्याने रडली. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी तिला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. वडील बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत तुटलेल्या तारा सोडवत राहिले. तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्याशीही कुणी बोलले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इथे मला करुण रस शिकवला गेला आणि शोक हा त्याचा स्थायी भाव, हेही मी पाठ केले. पण वडिलांच्या त्या तीन दिवसांना कोणता रस म्हणावे, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. ज्या दुःखाला शब्द नाहीत ते कुठेतरी वाट काढतेच. कधी ती दारूची असते, कधी बायकोवर उगारलेल्या हाताची, आणि कधी दोराची. आपल्या गावांत हे कुणाला ठाऊक नाही?

म्हणून मला इमोचे मोल वाटते. त्याच्या गजराची मला फारशी गोडी नाही. पण 'मला दुखते आहे' हे वाक्य पुरुषाने स्वतःच्या नावाने, सोंग न घेता, चारचौघांत म्हणावे, हे त्या पोरांनी करून दाखवले.

मात्र या नाण्याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ साली जेसिका हॉपर या अमेरिकन समीक्षिकेने 'पंक प्लॅनेट' मासिकात इमोवर एक कडक लेख लिहिला. या गाण्यांत मुलगी आहे ती फक्त दुःख देणारी म्हणून. तिला नाव नाही, मन नाही, स्वतःचे म्हणणे नाही, असा तिचा आक्षेप. तो मला पटतो. योगायोगाने त्याच वर्षी आपल्याकडे 'तेरे नाम' आला. मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंना सोडलेल्या त्या केसांची लाट गावोगावच्या केशकर्तनालयांत शिरली. तोही दुःखाचाच वेश. पण त्यातला नायक मुलीच्या मागे लागतो, तिला धमकावतो, आणि त्यालाच प्रेम म्हणून टाळ्या पडतात. 'मी दुःखी आहे' यापासून 'म्हणून तू माझी झाली पाहिजेस' इथवरचे अंतर फार थोडे असते, आणि ते ओलांडले की रडणारा मुलगा भीतिदायक होतो. आपल्या वर्गातल्या मुलींना विचारून पाहा. दुःख सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा हक्क कुणालाही नाही. अण्णाभाऊंचा मजूर मैनेला दोष देत नाही, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सारांश, वेशावरून माणूस ओळखण्याची घाई कुणीच करू नये. काळा टी-शर्ट घातला म्हणून कुणी दुःखी होत नाही, आणि पांढरा सदरा घातला म्हणून कुणी सुखी असतो असेही नाही. आपल्या गुरुजनांना माझी विनंती आहे की, वर्गात एखाद्याचे केस डोळ्यांवर आलेले दिसले तर "केस काप" म्हणण्याआधी "बरा आहेस ना?" असे एकदा विचारावे. फार तर तो हसेल. पण एखाद्याला तेवढेच हवे असेल.

माझ्या मित्रांना मात्र एक ठोस सूचना करतो. दर वर्षी स्नेहसंमेलनात आपण फिशपाँडचा कार्यक्रम रंगवतो, आणि त्यात सर्वांत जास्त हशा पिकतो तो हळव्या मुलांवर. येत्या संमेलनात एक तास स्वतः लिहिलेल्या गाण्यांसाठी ठेवू या. वाद्य कोणतेही चालेल, हलगी असो वा गिटार. मुलांनी मुलीची भूमिका घेऊन नव्हे, देवाला आळवून नव्हे, स्वतःच्या नावाने गावे. मुलींनीही गावे, म्हणजे आमच्या गाण्यांतल्या 'ती'चे म्हणणे आम्हाला कळेल. आणि त्या तासाला गाणाऱ्यांवर फिशपाँड टाकायचा नाही, एवढा एकच नियम करू या.

— द्वितीय वर्ष, कला