बैल गाडीत चढत नाही? आधी काठी खाली ठेवा



बाजाराला किंवा दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पिकअपमागे पाच-सहा जण, आरडाओरडा, शेपटी पिरगाळणं हे ठरलेलंच. माझं मत स्पष्ट आहे: बैल हट्टी नसतो, घाबरलेला असतो. घाई आपल्याला असते. मागच्या हंगामात मीही असाच मागून ढकलायला उभा होतो. फळी सरकली, बैलाचा पाय फाळक्याच्या सापटीत गेला. ऐन पेरणीत महिनाभर औताला जुंपता आला नाही.

जनावराला अगदी पाठीमागचं दिसत नाही, खोलीचा अंदाजही पटकन येत नाही. उन्हातून ताडपत्रीखालच्या अंधारात पाय टाकायचा म्हणजे त्याला खड्डाच वाटतो. म्हणून ताडपत्री काढा आणि गाडी बांधाला किंवा उंचवट्याला मागून लावा. हौदा आणि जमीन एका पातळीत आली की अर्धं काम झालं. चाकाला दगड, इंजिन बंद. हौद्यात माती टाकून वर पाचट पसरा, नुसत्या पत्र्यावर खूर घसरतात. वेसण ओढू नका, दोर म्होरकीला बांधा. एक पाऊल पुढे टाकलं की लगेच सैल सोडा. हुंगत उभा राहिला तर हुंगू द्या. जोडीतला शांत बैल आधी चढवला, तर दुसरा बहुतेक वेळा मागोमाग जातो.

शेपटी पिरगाळल्याने मणका निखळू शकतो, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवणं 1960 च्या कायद्याने गुन्हाही आहे.

गाडीवाला घाई करणारच, त्याला पुढचं भाडं असतं. ठरवतानाच सांगा, चढवायला अर्धा तास लागेल.