बंपर तुमच्या गाडीला, मार दुसऱ्याच्या पोराला

रविवारी जोतिबाच्या घाटात पाच-दहा मिनिटं थांबा, अशी एखादी गाडी दिसणारच. फोर बाय फोर असेल नाहीतर साधी जीप. कंपनीचा बंपर काढलेला, त्या जागी काळाकुट्ट लोखंडी बंपर, त्यावर आडवा पाइप, पाइपवर चार दिवे. आणि काचेवर मोठ्या अक्षरात 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'.

काचेवरच्या अक्षरांबद्दल माझं काही म्हणणं नाही. बोलायचंय ते खालच्या लोखंडाबद्दल. काही भावांना राग येईल. येऊ दे.

आधी एवढं सांगा, हा रस्ता कुणाचा? केर्लीपासून वाडी रत्नागिरीपर्यंतचा हा रस्ता काय फक्त गाड्यांचा नाही. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लाखो माणूस डोंगरावर येतं. माघातल्या रविवारी खेटे घालणारी माणसं पहाटेच्या अंधारात निघतात. त्यात म्हातारी माणसं असतात, कडेवर लेकरं असतात. त्या गर्दीतनं तुम्ही लोखंडाचा नांगर पुढं लावून गाडी घालताय.

"कंपनीचा बंपर म्हणजे प्लास्टिकचं डबडं," हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतं. भावा, ते डबडं मुद्दाम तसं केलेलं असतं. हल्लीच्या गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा म्हणूनच बनवतात. तो चुरगळतो, म्हणून आतल्या माणसाला थांबायला जरा जास्त अंतर मिळतं. हे अंतर निम्मं झालं की अंगावर येणारा मार सरासरी दुप्पट होतो. हे गणित शाळेतलंच आहे. पुढं कडक लोखंड थेट चेसिसला जोडलं की गाडीला ओरखडा येत नाही, पण धक्का तुमच्या छातीपर्यंत जातो.

एअरबॅगचंही तसंच. बॅग कधी फुगवायची हे सेन्सर ठरवतो आणि त्याचा हिशोब कंपनीनं मूळ बंपर, मूळ ब्रॅकेट धरून बसवलेला असतो. पापणी लवायच्या आत हा निर्णय व्हावा लागतो. पुढचं सगळं बदललं की तो हिशोब चुकू शकतो. बॅग उशिरा फुगेल, नको तेव्हा फुगेल, किंवा फुगणारच नाही. लाखो रुपये देऊन घेतलेली सुरक्षा आपण वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर सोडून देतो.

हे झालं आतल्या माणसाचं. बाहेरच्याचं काय? प्लास्टिकचा बंपर दबतो, बॉनेटही थोडं दबतं. लोखंडी पाइप दबत नाही. मोठ्या माणसाच्या मांडीला लागणारा पाइप सहा वर्षांच्या पोराच्या छातीला नाहीतर डोक्याला लागतो. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचातला एक.

"पण गवा आडवा आला तर?" हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो. बरोबर आहे, गवे शहराच्या वेशीपर्यंत आलेले आपण बघितलेत. पण पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो. त्याचे पाय लांब, धड उंच. धडक बसली तर ते धड पाइपवरनं थेट काचेवर येणार. गव्यावर एकच इलाज, रात्री घाटात गाडी हळू चालवणे. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुणी विकत नाही.

खऱ्या ऑफ-रोडिंगवाल्यांचं मी समजू शकतो. चिखलात गाडी रुतली तर ओढायला पक्का हुक लागतो. चढावर नाक घासू नये म्हणून बंपरचे कोपरे वर कापलेले लागतात. पण हे काम हिशोबाचं आहे. ओढायचा हुक चेसिसला बोल्टनं पक्का बसवावा लागतो. बंपरच्या पत्र्याला नुसता वेल्ड मारला तर ताण आल्यावर तो गोळीसारखा सुटतो आणि समोर उभ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. वजन बघा. ३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्राच साडेतेवीस किलो भरतो. त्यावर पाइप, ब्रॅकेट, विंच. एवढं वजन पुढच्या चाकांच्याही पुढं टांगलं की उतारावर गाडीचं नाक दबतं, स्टिअरिंग आणि स्प्रिंगवर ताण येतो. आपल्याकडच्या किती बंपरमागं हा विचार असतो? बहुतेक बंपर चिखल बघत नाहीत, रील बघतात.

कायदा नवीन नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करा म्हणून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरी घाटात दुचाकीवाल्याचं हेल्मेट दिसतं आणि शेजारनं गेलेला लोखंडी बंपर दिसत नाही. का? कारण असले बंपर बऱ्याचदा नेत्यांच्या आणि त्यांच्या कार्यकर्त्यांच्या गाड्यांना असतात. पावती फाडायचीच असेल तर सुरुवात त्या ताफ्यापासून करा. बाकीचे आपोआप काढतील.

उद्यमनगरातल्या कारागिरांना हात जोडून एक सांगणं आहे. तुमच्या हातातली कला मोठी आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभरातल्या वाहन कंपन्यांना जातं. मायक्रॉनमध्ये काम करणारं हे गाव. त्या गावानं "दणकट दिसतंय ना, बास" एवढ्यावर माल द्यावा? गिऱ्हाईक मागतंय म्हणून सगळं द्यायचं नसतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला असला बंपर बसवणार नाही, असा बोर्ड एका तरी गॅरेजवर लागू दे. त्या गॅरेजचा फोटो मी स्वतः इथं टाकीन.

आणि प्रशासनाला एकच मागणी. पुढच्या चैत्र यात्रेआधी केर्ली फाट्यावर तपासणी लावा. बेकायदा लोखंड लावलेली गाडी वर सोडू नका, मग ती कुणाचीही असो.

डोंगरावर लोक देवाच्या भरवशावर चालत येतात. निदान आपल्या बंपरपासनं त्यांना वाचवायची वेळ देवावर आणू नका.

चांगभलं!