काळ तसा नव्हता

उल्हासनगरच्या राजकारणाचा विषय निघाला की जे जे भेटतात, त्यांच्या तोंडी एकच वाक्य असते. ‘तो काळच तसा होता.’ परवा उल्हासनगर स्टेशनबाहेर एका तरुण कार्यकर्त्याने चहा पाजता पाजता तेच ऐकवले. ‘काका, नव्वदच्या साली इथे पप्पू कलानींशिवाय दुसरा कोण टिकला असता?’ या वाक्याचा मला संताप येतो. ते खोटे आहे, आणि त्याचा पुरावा पुढच्याच स्टेशनावर, अंबरनाथला आहे.

1990 च्या विधानसभा निवडणुकीत उल्हासनगरने काँग्रेसचे सुरेश ऊर्फ पप्पू कलानी यांना आमदार केले. त्याच निवडणुकीत शेजारच्या अंबरनाथने शिवसेनेचे साबीर शेख यांना निवडून दिले. मधे ना डोंगर ना खाडी. एकाच लोकलने कामाला जाणारी, एकाच नदीचे पाणी पिणारी माणसे. पुढे 1995 आणि 1999 लाही दोन्हीकडे हेच दोघे निवडून आले. एकच काळ, दोन आमदार. मग ‘काळ तसा होता’ म्हणजे नेमका कसा होता?

कलानींची कुंडली थोडक्यात सांगतो. 1986 मध्ये नगराध्यक्ष, 1990 मध्ये आमदार. सुधाकरराव नाईकांच्या कारकिर्दीत टाडाखाली अटक. 1995 आणि 1999 या दोन्ही निवडणुका त्यांनी तुरुंगातून लढवल्या आणि जिंकल्या. 28 एप्रिल 1990 रोजी झालेल्या इंदर भतिजा यांच्या खुनाबद्दल कल्याणच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली, ती डिसेंबर 2013 मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत आणि त्यानंतरही त्या घरासाठी काय थांबून राहिले होते? त्याच घराण्यातल्या स्त्रिया महापौर झाल्या, आमदार झाल्या, आणि एकेका पक्षाने आपापल्या वेळी आपापले दार उघडले. काँग्रेस, राष्ट्रवादी, 2017 मध्ये भाजप. नावे बदलून बदलून तीच यादी पुन्हा किती वेळा लिहायची?

आता साबीरभाई. मूळचे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे. शिवचरित्राचे व्याख्याते, गडकिल्ल्यांचे वेडे. मुसलमान घरातला हा माणूस संतांचे अभंग मुखोद्गत म्हणून दाखवायचा आणि समोरच्या पटांगणात कारखान्याची शिफ्ट संपवून डबा हातात घेऊन आलेली माणसे मान डोलवायची. शिवसेना-भाजप युतीच्या पहिल्या सरकारात ते कामगारमंत्री झाले. पद गेले तेव्हा गाठीशी काही नव्हते. शेवटची वर्षे कल्याणजवळच्या कोनगावात आजारपणात गेली. वारसदार नाही, संस्थान नाही.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायला मी निघालेलो नाही. मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल युती सरकारने 1998 मध्ये धुडकावला, तेव्हा साबीरभाई त्याच मंत्रिमंडळात होते आणि तिथेच राहिले. तो हिशेब त्यांच्या नावावर राहणारच. कामगारमंत्री असताना अंबरनाथचे कारखाने मोडकळीला येण्याचे थांबले असेही नाही. पण ते आमदार असताना त्यांच्या दारात जायला कुणाचे पाय लटपटले, असे अंबरनाथमध्ये मला आजवर एकही माणूस सांगू शकलेला नाही. उल्हासनगरात त्या वर्षांचा विषय काढला, तर लोक आजही आधी दाराकडे बघतात आणि मग आवाज उतरवून बोलतात.

मग दोन शेजाऱ्यांनी इतकी वेगळी माणसे का निवडली? सिंधी विरुद्ध मराठी हे सोपे उत्तर मला मान्य नाही, कधीच नव्हते. फाळणीत सर्वस्व गमावून उल्हासनगरात आलेल्या सिंधी माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत संसार मांडले आणि त्यातून एक बाजारपेठ उभी केली. अशी माणसे गुंडगिरीची हौस म्हणून मत देत नाहीत. माझे उत्तर एकाच शब्दाचे आहे. कागद.

उल्हासनगरच्या कॅम्पातली एखादी जुनी बराक जाऊन बघा. लांबलचक कौलारू शेड, आत भिंती घालून पाडलेल्या खोल्या. पोरे वाढली तशी पुढे पत्र्याची पडवी आली, मग पडवीवर माळा, माळ्यावर स्लॅब. सगळे गरजेपोटी आणि सगळे बिनपरवाना, कारण पायाखालच्या जमिनीची सनदच हातात नाही. अशा घराला पालिकेची नोटीस आली की घरधनी कुठे जाणार? कोर्टात दाखवायला कागद नाही. जो माणूस एका फोनवर हातोडा थांबवतो त्याच्याकडेच जाणार, आणि मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड करणार. अंबरनाथच्या मतदाराच्या खिशात पगाराची चिठ्ठी होती. ऑर्डनन्स फॅक्टरी, विमको, धरमसी मोरारजी. डोक्यावर कंपनीचे क्वार्टर, पाठीशी युनियन. त्याला भांडायला बोलका पुढारी पुरेसा होता, दादा लागत नव्हता. हे सिद्ध करायला माझ्याकडे आकडेवारी नाही. पण ही दोन गावे उभे आयुष्य बघितल्यावर मला दुसरे कारण दिसत नाही.

हातोडा थांबला म्हणून लोक वाचले, असेही झाले नाही. मे 2021 मध्ये उल्हासनगरच्या नेहरू चौकाजवळच्या साईसिद्धी इमारतीत वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर, तो त्याच्या खालच्यावर असा कोसळत गेला. सात माणसे गेली. त्याच्या दोनच आठवडे आधी मोहिनी पॅलेसचे स्लॅब असेच पडले होते, तिथेही जीव गेले. नव्वदीच्या दशकात घाईघाईने, परवान्यावाचून, निकृष्ट उल्वा रेतीत उभ्या राहिलेल्या इमारती त्या. तेव्हा कुणीतरी हातोडा थांबवला होता, कुणीतरी ‘मी आहे ना’ म्हटले होते. अशा इमारती या शहरात अजून उभ्या आहेत आणि त्यांत आज रात्री माणसे झोपणार आहेत.

म्हणून ‘काळ तसा होता’ हे वाक्य मला निव्वळ चुकीचे नाही, घातक वाटते. काळावर खापर फोडले की सनद न देणारे महसूल खाते सुटते, उमेदवारी देणारे पक्ष सुटतात. ऑक्टोबर 2014 आठवा. त्या एकाच महिन्यात साबीरभाई गेले आणि राष्ट्रवादीच्या तिकिटावर ज्योती कलानी 1,863 मतांनी आमदार झाल्या. पतीला जन्मठेप होऊन वर्षही झाले नव्हते. तेव्हा टाडा इतिहासजमा झाला होता, नव्वद साल कधीच मागे पडले होते. त्या तिकिटाचा दोष कोणत्या काळाला द्यायचा?

आणि अंबरनाथने फुशारून जाऊ नये. विमकोच्या काड्यापेट्या गेल्या, युनियनचे फलक उतरले, आता वाडीवाडीत बिनपरवाना चाळी उठत आहेत. बदलापूरपर्यंत तेच. ज्या गावात पगाराची चिठ्ठी जाऊन बिनकागदाची खोली येते, तिथे दादा फार दिवस लांब राहत नाही.

उल्हासनगरची बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने 2006 मध्ये खास कायदा केला. त्या कायद्याने ज्यांच्या हातात खरोखर कागद पडला ती घरे मोजकीच. बाकीचे प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. चहा पाजणाऱ्या त्या तरुणाला मी एवढेच विचारले की तुझ्या घराची सनद आहे का. नाही म्हणाला. वडिलांनी अर्ज केला होता. तो कुठवर आला हे विचारायला तो नगरसेवकाकडे जाणार आहे, प्रांत कार्यालयात नाही.