रक्तदाबाची गोळी आणि आठवड्याची बैठक

हृदयविकाराचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच अँजिओग्राफी, स्टेंट आणि ‘नांदेडला न्यायचे की हैदराबादला’ इथे येऊन ठेपते. देगलूरसारख्या गावाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ८० किलोमीटरवर. छातीत कळ आल्यानंतर रस्त्यात जाणारे प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूचा थोडा भाग घेऊन जाते. तेव्हा गावाने चांगल्या हृदयरोग उपचारांची मागणी करावी आणि शासनाने ती पुरी करावी, यात दुमत नाही. पण झटका एका दिवशी येतो, त्याची तयारी दहा-पंधरा वर्षे चाललेली असते, आणि ती सगळी वर्षे रुग्ण देगलूरलाच असतो. त्या वर्षांसाठी आपण त्याला देतो काय? महिन्याच्या गोळ्या आणि ‘मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका’ एवढा सल्ला. या गोळ्यांना आणि सल्ल्याला आठवड्याच्या एका बैठकीची जोड मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या पंधरा-वीस माणसांचा, वस्तीतच जमणारा आणि सरकारी दवाखान्याशी बांधलेला गट ही हौसेची गोष्ट नसून उपचाराचाच भाग आहे.

आजाराचा आवाका आधी लक्षात घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध सुरू असलेले आढळले. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५९ च्या आसपास येतो. म्हणजे घरात लेकीचे लग्न व्हायचे असते, मुलगा नोकरी शोधत असतो, पीककर्जाचे हप्ते सुरू असतात, आणि कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो किंवा जातो. त्याच अभ्यासाने असेही सांगितले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, दारू आणि मनावरचा ताण या नऊ गोष्टींवरून जगभरातील बहुतेक झटक्यांची कारणे सांगता येतात. यातील एकही गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर बदलत नाही. त्या बदलायच्या तर घरात, शेतात, मोंढ्यात आणि टपरीवर बदलाव्या लागतात.

आणि तिथेच एकटा माणूस हरतो. रक्तदाब दुखत नाही, चक्करही बहुतेकांना येत नाही. दोन महिने गोळी घेतली, दवाखान्यात ‘नॉर्मल’ आकडा आला, की माणूस गोळी बंद करतो. गोळीमुळेच आकडा नॉर्मल आला हे त्याला कोणी नीट समजावलेले नसते. ‘एकदा लागली की सवय लागते’ ही भीती तर घरोघरी आहे. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. मग किडनी गेली असे समजून गोळी फेकली जाते, डॉक्टरांना विचारले जात नाही. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्या वेळात ही शंका बाहेर पडतच नाही. पण शेजारी बसलेली बाई जेव्हा सांगते की ‘माझेही पाय सुजले होते, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आता बरे आहे’, तेव्हा ते पटते. दवाखान्याच्या कागदापेक्षा या वाक्याचा उपयोग जास्त होतो.

हे नुसते अंदाजाने बोललेले नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम आणि आंध्रातील पश्चिम गोदावरी व ऋषी व्हॅली अशा तीन ग्रामीण भागांत एक काटेकोर चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वस्त्यांत आशा कार्यकर्त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे गट बांधले, तीन महिने दर पंधरवड्याला बैठक घेतली, रक्तदाब मोजला, मीठ, व्यायाम आणि गोळ्यांबद्दल बोलणे केले. उरलेल्या वस्त्यांत नेहमीचे उपचार चालू राहिले. गट असलेल्या वस्त्यांत रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक वाढले. त्याच वर्षी बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतील ३० ग्रामीण वस्त्यांत, २,६४५ रुग्णांवर दोन वर्षे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे आरोग्यसेविका घरी जाऊन रक्तदाब मोजत आणि समजावून सांगत; त्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरला. पाच अंक ऐकायला किरकोळ वाटतात, पण हजारो माणसांचा रक्तदाब पाच अंकांनी खाली आला की पक्षाघात आणि झटके यांत पडणारा फरक मोठा असतो. या दोन्ही अभ्यासांतील कार्यकर्त्या आपल्या आशाताईंसारख्याच होत्या.

अशा बैठकीत नेमके करायचे काय, हे सांगितल्याशिवाय ही कल्पना हवेत राहील. पहिले काम मोजण्याचे. आलेल्या माणसाने पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको, बाही दंडावर दाटून न ठेवता उघड्या दंडाला पट्टा. दोनदा मोजून दोन्ही आकडे त्याच्याच वहीत लिहायचे. दुसरे काम मिठाच्या हिशेबाचे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. ५ ग्रॅम म्हणजे किती, हे कोणालाच डोळ्यांनी कळत नाही. पुडीवरून मात्र कळते. पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी ४० दिवस पुरली पाहिजे. ती तीन आठवड्यांत संपत असेल तर कुठे जाते ते बायका आपणच शोधून काढतात: भाकरीच्या पिठात, ठेच्यात, वर्षाच्या लोणच्यात, कुरड्या-पापडांत. आणि दुकानातले फरसाण तर या हिशेबात धरलेलेच नाही. एका घराने पिठातले मीठ बंद केले आणि कोणाला फरक कळला नाही, ही बातमी पुढच्या बैठकीत चार घरांत पोचते. तिसरे काम चुकलेल्या गोळ्यांचे, न रागावता विचारपूस करण्याचे. आणि दर बैठकीत एकदा तरी उजळणी व्हावी: छातीवर दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, हे ‘गॅस’ समजून सोडा पीत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तासा-दोन तासांत मिळाले तर त्याचा गुण सर्वांत जास्त. अंतर ८० किलोमीटरचे असताना घरात ‘बघू जरा’ म्हणून घालवलेला तास परवडणारा नाही.

व्यायामाबद्दल मात्र सरसकट उपदेश नको. दिवसभर सोयाबीन कापणाऱ्या मजूर बाईला सकाळी फिरायला जा म्हणणे म्हणजे तिच्या कष्टांकडे डोळेझाक करणे होय. तिला विश्रांती, वेळेवर जेवण आणि मिश्री सोडायला सोबत हवी. फिरण्याची गरज आहे ती दुकानात बसणाऱ्याला, आडतीवरच्या मुनीमाला, शिक्षकाला, चालकाला, शिलाई यंत्रावर वाकलेल्याला.

आता ताणाचा प्रश्न, आणि याच ठिकाणी सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मराठवाड्यातल्या माणसाचा ताण श्वासाच्या व्यायामाने कसा जाणार? पाऊस हुकतो किंवा नको तेव्हा कोसळतो, सोयाबीनला भाव मिळत नाही, बँकेचे जुने कर्ज थकलेले असते म्हणून सावकाराकडे जावे लागते. हे दु:ख मनातले नाही, सात-बाऱ्यावरचे आहे. ध्यानधारणेचा गट काढून शासनाने आपली जबाबदारी झटकावी, असे होता कामा नये. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पीकविमा, हमीभाव आणि कर्ज यांची लढाई वेगळी लढावीच लागेल. पण ती जिंकेपर्यंत माणूस जगला पाहिजे. आणि ताण हृदयापर्यंत ज्या वाटांनी पोचतो त्या बऱ्याचशा रोजच्या असतात: रात्रभर जागरण, तंबाखूच्या वाढलेल्या पुड्या, संध्याकाळची दारू, ‘आता कशाला गोळ्या’ म्हणून बंद केलेले औषध, आणि लोकांत जाणे सोडणे. या वाटा गट अडवू शकतो. सलग दोन बैठकांना न आलेल्या माणसाच्या घरी कोणीतरी जाऊन यायचे, एवढा एक नियम पाळला तरी खचत चाललेला माणूस नजरेत येतो. त्याला ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकाशी किंवा रुग्णालयातील समुपदेशकाशी जोडून देणे हे गटाचे काम. स्वीडनमध्ये झटका येऊन गेलेल्या ३६२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभरात २० गट-बैठकांतून घाई, राग आणि काळजी हाताळायला शिकवले गेले. जवळजवळ आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे पुन्हा उद्भवलेले आजार ४१ टक्क्यांनी कमी होते. बैठकांना जे जास्त आले त्यांना लाभही जास्त झाला.

सगळेच अभ्यास या बाजूने बोलत नाहीत, हेही वाचकाला सांगितले पाहिजे. २००३ मध्ये अमेरिकेत झटक्यानंतर खिन्न झालेल्या किंवा एकट्या पडलेल्या २,४८१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानसोपचाराने त्यांची खिन्नता उतरली, पण मृत्यू आणि दुसरे झटके कमी झाले नाहीत. आपल्याच देशात २४ रुग्णालयांतील सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. रुग्णांना बरे वाटू लागले, ते आपल्या कामाधंद्याला अधिक लवकर लागले, पण झटके आणि मृत्यू कमी झाल्याचे ठामपणे सिद्ध झाले नाही. यावरून मी एवढेच घेतो की मन हलके करणे हे एकटे औषध नव्हे. रक्तदाब मोजणे, गोळी चालू ठेवणे, तंबाखू सोडणे आणि मीठ कमी करणे ही कामे ज्या गटात होतात त्याच गटाकडून आयुष्य वाढण्याची अपेक्षा धरावी. नुसते एकत्र बसून हसणे चांगले आहे, पण पुरेसे नाही.

दुसरी भीती भोंदूपणाची आहे आणि ती खरी आहे. आजारी माणसे एकत्र जमली की ब्लॉकेज मोकळे करणारा काढा, चमत्कारी रस, कुठल्याशा गावची पुडी विकणारा माणूस दारात उभा राहतो. म्हणून गटाचे नियम आधीच पक्के हवेत. बैठकीत कोणतीही वस्तू विकायची नाही. डॉक्टरांना न विचारता कोणाचीही गोळी बंद करायची नाही, आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने सगळ्यांच्या वह्या पाहायच्या. मोबाइलवर आलेला ‘उपाय’ त्या दिवशी त्यांच्यासमोर ठेवायचा. हे नियम नसतील तर गट न काढलेलाच बरा.

डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने मराठी घरांत आहार, तणाव आणि हृदय यांचे नाते पोचवले, आणि ते वाचून अनेकांनी आपली जीवनशैली बदलली. पण पुस्तक वाचून स्वतःला बदलायला शिक्षण, सवड आणि स्वतःच्या ताटावरचा हक्क लागतो. मोंढ्यातल्या हमालाकडे किंवा शेवटी उरलेले खाणाऱ्या सुनेकडे यातले काय असते? त्यांच्यासाठी पुस्तकाच्या जागी माणसेच लागतील. माणसे जमवण्याची रीत आपल्याला नवी नाही. धुंडा महाराजांसारख्या कीर्तनकारांमुळे देगलूरचे नाव वारकरी परंपरेत सर्वदूर गेलेले आहे. सप्ताह आणि भजनी मंडळे कोणाच्या अनुदानाविना चालतात, बायकांचे बचत गट दर महिन्याला हिशेब चोख ठेवतात. तरी बैठक मंदिराच्या सभामंडपातच भरवावी असे मी म्हणणार नाही. जिथे दलित वस्तीतली बाई आणि मुस्लिम मोहल्ल्यातला म्हातारा दोघेही संकोच न करता येतील अशी जागा हवी: अंगणवाडी, शाळा, उपकेंद्र. सीमेवरच्या या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत, तेव्हा बोलणेही त्यांच्या भाषेत व्हावे. बायकांचा गट दुपारी, पुरुषांचा संध्याकाळी.

हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारता येणार नाही. त्यांच्याकडे आधीच नोंदींचे ढीग आहेत. प्रत्येक बैठकीचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, आणि तो जिल्हा नियोजन समितीच्या आरोग्यावरच्या निधीतून देता येण्याजोगा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शासन अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही मोफत आहेत. झटका आल्यानंतर एका रुग्णावर जेवढा पैसा जातो तेवढ्यात काही यंत्रे, वह्या आणि वर्षभराचे मानधन निघेल.

सुरुवातीला फार काही लागत नाही. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला जी माणसे येतात, त्यांच्यापैकी वीस जणांना गोळ्या घेऊन लगेच घरी न पाठवता तासभर बसायला एक खोली द्यावी, एक चांगले मोजयंत्र द्यावे आणि एका परिचारिकेची त्या तासापुरती नेमणूक करावी. रुग्णालय प्रशासनाने हे या महिन्यातच सुरू करावे, आणि ज्यांच्या घरात रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी पुढच्या वेळी रांगेत उभे असताना या बैठकीची मागणी करावी.