काळी चौकट, उजळ चित्र

मैत्रिणींनो, माळ्यावर किंवा पलंगाखाली जुन्या फोटोफ्रेमचा एक गठ्ठा बहुतेक घरांत असतोच. एकीचं पॉलिश उडालेलं, दुसरीचा सोनेरी मुलामा निघालेला, तिसरी कुणी तरी कधी हिरवी रंगवलेली. टाकवतही नाहीत आणि भिंतीवर लाववतही नाहीत. अशा चार तऱ्हांच्या फ्रेम एका भिंतीवर शोभवायच्या, तर बिनचकाकीचा, म्हणजे दुकानदार मॅट म्हणतात तो, काळा रंग लावून पाहा. १०० मिलीलिटर रंगात फूटभर लांबीच्या चार साध्या फ्रेमना दोन-दोन हात होतात. शाळेच्या फळ्याला देतात तो रंगही मॅटच असतो, तोही चालतो. यात माझी एक चूक झाली, ती शेवटी सांगते.

काळा रंग सगळं झाकतो, अशी आपली समजूत असते. मॅट रंगावर उजेड विखुरतो, म्हणून बारीक उंचसखलपणा कमी दिसतो हे खरं. पण खिळ्याचं भोक, जुन्या रंगाचा पापुद्रा आणि ब्रशचे ओघळ लपत नाहीत. तेव्हा निम्मं काम रंगाआधीचं आहे.

फ्रेम जुन्या चादरीवर पालथी ठेवा. मागच्या चुका पकडीनं काढा. पुठ्ठा, चित्र आणि काच वेगळी करा. काच वर्तमानपत्रात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं लाकूड पुसून चांगलं वाळू द्या. मग १२० नंबरचा आणि नंतर २२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फिरवा. आडवा घासलात तर ओरखडे काळ्यातून डोकावतात. भोकं-खाचा लांबीनं भरा, वाळल्यावर पुन्हा घासा आणि धूळ ओलसर फडक्यानं टिपून घ्या.

आधी रंगवलेली जुनी फ्रेम असेल, तर मात्र कोरडी घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसं नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे आधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. वॉटरपेपर ओला करून हलक्या हातानं घासा, चिखल फडक्यानं पुसा, ते फडकं टाकून द्या आणि हात धुवा. पोटुशा बाईनं आणि मुलांनी यात पडूच नये. रंगाचे पोपडे सुटत असतील, तर ती फ्रेम सोडूनच द्यावी.

कोऱ्या लाकडाला आधी अस्तराचा एक हात द्या. मग रंगाचा डबा काडीनं तळापासून ढवळा. चकाकी मारणारी पूड तळाशी बसते. ढवळलं नाही तर फ्रेम कुठे चमकते, कुठे मंद दिसते. इंचभर रुंदीच्या ब्रशचं फक्त टोक बुडवा. आधी कोपरे, मग लांब बाजू एका दमात ओढा. अर्धवट वाळलेल्या जागी परत ब्रश नेण्याचा मोह आवरा, तिथे डाग पडतो. काच बसते त्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, नाही तर काच चिकटून बसेल. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. तेलरंग असेल तर दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या आणि ब्रश टर्पेंटाइननं धुवा. पाण्यातला रंग काही तासांत वाळतो आणि त्याचा ब्रश पाण्यानंच निघतो. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. झालेली फ्रेम कोरड्या मऊ फडक्यानं झटकावी, घासू नये. घासली की तेवढी जागा चकाकते.

सागवानी किंवा शिसवी जुन्या फ्रेमना मात्र हात लावू नका, त्यांना पॉलिशच शोभतं. राजा रविवर्म्याच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातलं एखादं चित्र मूळ चौकटीसकट घरात असेल, तर तेही तसंच राहू द्या. काळी चौकट खुलते ती भरतकामाला, मुलांच्या रंगीत चित्रांना आणि कृष्णधवल छायाचित्रांना. मध्ये दोन इंच पांढऱ्या पुठ्ठ्याची कड ठेवली की चित्र आणखी उठून दिसतं आणि काचेला चिकटतही नाही.

आता माझी चूक. उत्साहाच्या भरात मी आमच्या लग्नाचा फोटोही काळ्या चौकटीत बसवला. सासूबाई गावाहून आल्या, भिंतीपाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, जित्याजागत्या माणसांभोवती काळी चौकट कशाला?" मी हसून वेळ मारून नेली. पण वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातमीची काळी चौकट डोळ्यांसमोर आली आणि जेवताना घास घशाखाली उतरेना. माझ्या दृष्टीनं तो नुसता रंग होता. ज्यांनी आपलं माणूस गमावलंय, त्यांच्या दृष्टीनं तो तेवढाच नव्हता.

रात्री फोटो काढून जुन्या लाकडी फ्रेममध्ये परत बसवला. रिकाम्या काळ्या चौकटीत काय लावावं हे मात्र मी त्यांनाच विचारलं. त्यांनी ट्रंकेतून लग्नाआधी भरलेला एक रुमाल काढला. पोपट, वेल आणि कोपऱ्यात स्वतःचं माहेरचं नाव. इतक्या वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता. काळ्या चौकटीत त्यातलं हिरवं-तांबडं असं उजळलं, की येणारी प्रत्येक शेजारीण विचारते, आणि सासूबाई टाका कसा घालायचा ते सांगत बसतात.

तेव्हा मैत्रिणींनो, ब्रश हातात घ्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. रंग वाळायला एक रात्र लागते. दुखावलेलं मन वाळायला त्याहून जास्त.