पाणी प्या म्हणता, पण कोणतं?



मुतखड्याचा माणूस दवाखान्यात गेला की एकच उत्तर मिळते : तुम्ही पाणी कमी पिता. हे खोटे नाही. तेंदूपत्ता तोडायला भर उन्हात दिवस काढायचा, घामात पाणी जाते, लघवी घट्ट होते, आणि त्यातले कॅल्शियम व ऑक्झलेट एकत्र येऊन खडा धरतो. पण एवढे सांगून साहेब मोकळे होतात. आमच्या बाया विचारतात, "पानी प्या मनतेत, पन कोनतं पानी?" तिथे सगळे गप्प.

जस्त-शिशाच्या खनिजासोबत कॅडमियम नावाचा विषारी धातू निघतो. तो पोटात किंवा छातीत गेला की मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहतो. चांगले मूत्रपिंड कॅल्शियम गाळून परत रक्तात घेते. कॅडमियमने नासलेले मूत्रपिंड ते लघवीत सोडून देते. इकडे हाडे पोकळ, तिकडे खड्याला माल तयार! स्वीडनमध्ये बॅटरी कारखान्यात कॅडमियमची धूळ खाल्लेल्या कामगारांत मुतखडे जास्त सापडले. त्यांनाही पाणी कमी पिता म्हणूनच सांगायचे काय?

जपानात जिंझू नदीच्या वर कामिओका खाण होती. खाणीचे कॅडमियम नदीत, नदीचे पाणी धानाच्या बांधीत, तेच भातात. बाया नुसत्या खोकल्याने हाड मोडून विव्हळत. हा रोग खाणीमुळेच, हे सरकारने १९६८ साली कबूल केले. १९७२ साली लोक वरच्या कोर्टातही जिंकले. नुसती भरपाई घेऊन ते घरी बसले नाहीत. आपले तज्ज्ञ घेऊन कधीही खाणीत शिरून तपासणी करू, खर्च कंपनीचा, असे त्यांनी लिहून घेतले. हे आम्हाला भरपाईहून मोठे वाटते.

आमच्याकडच्या प्रत्येक खाणीत कॅडमियम आहेच, असे आम्ही म्हणत नाही. लाल पाणी दिसले म्हणून मुतखडा झाला असेही नाही, लाली लोहाची असते. ज्याची भीती त्याला ना रंग, ना वास. उकळून जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटले की तो जास्त घट्ट होतो. गावात येणारी किट लोह, फ्लोराईड, नायट्रेट पाहते. कॅडमियम, शिसे त्यात दिसत नाही. तरी कागदावर "पाणी योग्य"!

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको, हे सरकारचेच मानक आहे. आणि पाण्याचे झरे, नाले राखायचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला दिला आहे. त्यात कोणाची मेहरबानी नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : खाणीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे पाणी, बांधीतली माती आणि धान, जड धातूंसाठी प्रयोगशाळेत तपासा. नमुना गावासमोर भरा, उन्हाळ्यात एकदा, पहिल्या पावसानंतर एकदा. अहवाल मराठीत, ग्रामसभेच्या हाती द्या. तोवर खाण वाढवायच्या कोणत्याही कागदावर सही-अंगठा नाही.